आयडिया सुचत नाही? आधी वाळवण घाला: डिझाइन आणि फोटोग्राफीत नव्याने आलेल्यांसाठी

कुरडया घालतात एप्रिल-मेमध्ये, गच्चीवर, कडक उन्हात, आणि तळून खातात जुलैमध्ये पाऊस लागला की. पाहुणे दारात आल्यावर कोणी गहू भिजत घालत नाही, कारण तीन दिवस भिजायलाच जातात आणि मग चीक काढायचा, शिजवायचा, सोऱ्यातून घालायचा, वाळवायचा. डिझाइनमध्ये नव्याने आलेली मुलं मात्र नेमकं हेच करतात, ब्रीफ आलं, म्हणजे क्लायंटला काय हवंय ते कळलं, की त्याच रात्री रेफरन्स शोधायला बसतात आणि दोन वाजेपर्यंत स्क्रोल करून डोळे दुखले की म्हणतात मला काही सुचतच नाहीये, मी क्रिएटिव्ह नाहीये बहुतेक.

मी पण पहिली दोन-अडीच वर्षं असंच केलं. एका मसाल्याच्या पाकिटाचं काम होतं, मी रात्रभर पिंटरेस्टवर बसून एक छान डिझाइन उभं केलं, आणि मीटिंगमध्ये क्लायंटने शांतपणे मोबाइल काढून जवळजवळ तसंच दुसरं पाकीट दाखवलं. मी ते आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. पण नंतर लक्षात आलं, त्या दुसऱ्या डिझायनरनेही माझ्यासारखाच शोध घेतला असणार, 'इंडियन स्पाइस पॅकेजिंग', आणि वर येणाऱ्या त्याच पंधरा-वीस चित्रांतून उचललं असणार. एकाच विहिरीवर सगळे घागरी घेऊन गेले तर पाण्याची चव वेगळी कशी लागणार. तेव्हापासून मी काम नसताना साठवायला लागले. ते कसं करायचं ते इथे पायरीपायरीने लिहितेय, मी पुण्यात राहते म्हणून पुण्याची उदाहरणं जास्त येतील, तुम्ही तुमच्या गावाची घ्या.

पायरी १: वही, आणि वहीत "का"

खिशात मावेल अशी वही घ्या, कोरी, रेघा नसलेली, तीस-चाळीस रुपयांची सुद्धा चालते. महागडी घेऊ नका, महागड्या वहीत माणूस जपून लिहितो. फोनमध्ये एक वेगळा अल्बम करा. आता नियम एकच: डोळ्याला काही आवडलं की फोटो काढायचा आणि वहीत एक ओळ लिहायची, का आवडलं.

"भारी आहे" असं लिहून चालत नाही. "लाल अक्षराला उजवीकडे खाली पिवळी सावली दिलीये, म्हणून अक्षर पाटीतून पुढे आल्यासारखं दिसतंय" हे चालतं. "हिरव्या काठामुळे आतला जांभळा जास्त गडद वाटतोय" हे चालतं. पहिले आठ-दहा दिवस जड जातं, शब्दच सापडत नाहीत, कारण आवडणं आणि आवडीचं कारण सांगणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दुसरीची आपल्याला सवय नसते. पण मला विचाराल तर या अख्ख्या लेखातली हीच पायरी सगळ्यात महत्त्वाची आहे, बाकीच्या सोडल्यात तरी चालेल. फोटो काढला की वस्तू साठते, "का" लिहिलं की युक्ती साठते. वस्तू एकाच जागी वापरता येते, आणि तीही दुसऱ्याची असते. युक्ती कुठेही नेता येते, साडीवरची पाकिटावर, पाकिटावरची फोटोत.

पायरी २: एक गल्ली, एक तास, एकच गोष्ट

"जरा फिरून येते, काही दिसलं तर बघते" म्हणून निघालात तर काहीच दिसत नाही. डोळ्याला काम द्यावं लागतं. घरातून निघतानाच ठरवा, आज फक्त गोल शोधायचे. किंवा फक्त निळा रंग. किंवा फक्त "क" हे अक्षर, जिथे दिसेल तिथे. एक तास, एकच गल्ली, झूम करायचा नाही, जवळ हवं असेल तर पायाने जवळ जायचं. आणि ३६ फोटोंच्या वर काढायचे नाहीत, जुन्या फिल्मच्या रोलमध्ये तेवढेच यायचे. मर्यादा असली की बोट दाबायच्या आधी माणूस बघतो.

पुण्यात पहिल्यांदा करणार असाल तर मी तांबट आळीत जायला सांगेन, कसब्यात. तिथे तांब्याच्या भांड्यांवर हातोडीने एकाशेजारी एक ठोके घालत जातात, त्याला मठारकाम म्हणतात. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला वाटलं हे शोभेसाठी आहे. मग तिथल्या एका काकांनी भांडं हातात देऊन सांगितलं की ठोके पडले की पत्रा कडक होतो, नुसता पत्रा दाबला तर चेपतो आणि हा नाही. म्हणजे मजबुतीसाठी केलेलं काम आहे आणि देखणेपण त्यातूनच आलंय, प्रत्येक खळग्यात उजेडाचा एक वेगळा ठिपका पडतो, भांडं फिरवलं की सगळे ठिपके हलतात. मी वहीत लिहिलं: "नक्षी वरून लावलेली नाही, कामातून आलीये. ठोके हाताचे आहेत म्हणून अंतर किंचित कमीजास्त, त्यामुळे डोळा कंटाळत नाही." या एका ओळीवर मी नंतर तीन कामं केलीत, त्यातल्या एकाही कामात तांबं नव्हतं.

तिथून चालत मंडईत जा. महात्मा फुले मंडई १८८६ ची आहे, इमारत बघाच, पण मी म्हणतेय ते भाजीवाल्या मावश्यांनी लावलेले ढीग बघायला. कोथिंबिरीशेजारी गाजर, पांढऱ्या मुळ्याशेजारी बीट, लिंबांचा डोंगर गडद कापडावर. रंगाच्या वर्गात विरुद्ध रंग शिकवतात ते इथे रोज सकाळी मांडलेलं असतं, आणि मावशींना ते पक्कं माहीत असतं, विचारून बघा, "हे इथे का ठेवलं?" म्हटलं की "मग उठून दिसत नाही का" असं उत्तर येतं.

मुंबईत असाल तर ओव्हल मैदानाच्या मधोमध उभं राहा. एका बाजूला हायकोर्ट, विद्यापीठ, राजाबाई टॉवर असं व्हिक्टोरियन गॉथिक शैलीचं दगडी बांधकाम, आणि पाठ फिरवली की समोर आर्ट डेको शैलीतल्या इमारतींची ओळ. दोन्ही मिळून २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेलं. एका बाजूला सगळ्या रेषा वर चढतात, टोकदार होतात, दुसऱ्या बाजूला आडव्या धावतात, गोल वळतात. पोस्टरमध्ये उभी मांडणी आणि आडवी मांडणी मनावर काय वेगळा परिणाम करते हे कुठल्या व्हिडिओपेक्षा इथे पाच मिनिटांत कळतं. डेको इमारतींवर नावं कोरलीयेत त्यांची अक्षरं आवर्जून टिपा. गोव्यात पणजीच्या फोंतेन्हास या जुन्या वस्तीत रंगीत भिंतींचे फोटो सगळेच काढतात, तुम्ही जुन्या घरांच्या खिडक्या बघा, काचेऐवजी शिंपल्यांच्या पातळ चकत्या लाकडी चौकटीत बसवलेल्या असतात, उजेड आत येतो पण डोळ्यावर येत नाही. फोटोवाले उजेड मऊ करायला छत्री आणि सॉफ्टबॉक्स लावून जे करतात तेच काम आहे ते.

पायरी ३: संग्रहालयात एकाच कपाटासमोर थांबा

पुण्यात शुक्रवार पेठेतलं राजा दिनकर केळकर संग्रहालय माझ्या फार जवळचं आहे, आणि त्याची गोष्टच या लेखाला लागू पडते. दिनकर केळकर 'अज्ञातवासी' नावाने कविता लिहायचे, आणि १९२० च्या सुमारापासून गावोगाव फिरून त्यांनी रोजच्या वापरातल्या वस्तू जमवल्या: दिवे, अडकित्ते, दौती, कंगवे, भांडी, वाद्यं, कोरीव दारं. राजा हा त्यांचा लहानपणीच गेलेला मुलगा, त्याच्या आठवणीत हे नाव. १९७५ मध्ये त्यांनी सगळा संग्रह राज्य सरकारला दिला, वीस हजारांवर वस्तू आहेत.

आता अशा ठिकाणी नवखा माणूस काय करतो, तर दीड तासात सगळे मजले पळत बघतो, दोनशे फोटो काढतो आणि घरी आल्यावर एकही उघडत नाही. तसं करू नका. एक कपाट निवडा. मी अडकित्त्यांचं निवडलं होतं. सुपारी कातरायचं साधं हत्यार, दोन पाती आणि एक खीळ, एवढीच यंत्रणा, पण कुणी त्याचा पोपट केलाय, कुणी घोडा, कुणी माणसांची जोडी. काम बदललेलं नाही, रूप प्रत्येकाचं वेगळं. लोगो करणाऱ्याला याहून मोठा धडा नाही. वहीत पाच अडकित्त्यांची फक्त बाह्यरेषा काढा, आतलं काही नाही. चित्र वाईट आलं तरी चालतं, ते कुणाला दाखवायचं नाहीये. हाताने काढताना जे दिसतं ते फोटो काढताना दिसत नाही, खीळ नेमकी कुठे बसवलीये, मान किती वळवलीये. कॅमेऱ्याचा नियम काय आहे ते तिकीट काढतानाच विचारून घ्या म्हणजे आत कुणाशी वाद होत नाही.

मुंबईत भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय, १८७२ मध्ये उघडलेलं, तिथल्या मातीच्या छोट्या मूर्ती आणि शहराची मॉडेलं बघा. आणि काळा घोड्याला गेलात तर जहांगीर आर्ट गॅलरीत काहीही ठरवून न जाता शिरा, प्रवेशाला पैसे पडत नाहीत आणि प्रदर्शनं बदलत असतात. तिथे बऱ्याचदा चित्रकार स्वतः हजर असतात, हे कसं केलं असं विचारलं तर मनापासून सांगतात.

पायरी ४: रद्दीचं दुकान आणि अक्षरं

मराठीत डिझाइन करणाऱ्यांची एक अडचण मला नेहमी दिसते, इंग्रजी अक्षरांचे हजार नमुने डोक्यात असतात आणि देवनागरीचे चार. म्हणून मग सगळ्या लग्नपत्रिका, सगळे बॅनर सारखेच. यावर उपाय रद्दीवाल्याकडे आहे. जुने दिवाळी अंक मागा. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला तिथून ही परंपरा धरतात, म्हणजे शंभराहून जास्त वर्षांची मुखपृष्ठं, शीर्षकं, जाहिराती आहेत आपल्याकडे. चित्रकार दीनानाथ दलालांनी १९४५ मध्ये 'दीपावली' सुरू केलं, त्यांची मुखपृष्ठं कुठे मिळाली तर रंग किती थोडे वापरलेत ते मोजा. मराठी नाटकांच्या जाहिरातींमधली कमल शेडगे यांची अक्षरं शोधा, नाटकाचा स्वभाव ते नावाच्या अक्षरांतच दाखवायचे, चित्राची गरजच पडायची नाही.

एक सराव सांगते. एकच अक्षर घ्या, "ळ" घ्या, आणि आठवडाभर दुकानांच्या पाट्या, एसटी, ट्रकची मागची बाजू, देवळावरच्या देणगीच्या फरश्या, जिथे दिसेल तिथून गोळा करा. पेंटरने हाताने रंगवलेल्या पाट्या आधी घ्या, कारण त्यांच्या जागी फ्लेक्स येतायत आणि एकदा गेली की ती पाटी परत दिसत नाही. तीस "ळ" शेजारी शेजारी लावले की कळतं शिरोरेषेपासून अक्षर किती खाली लोंबवता येतं, पोटातली जागा किती मिटवली तरी वाचता येतं. मग गुगल फॉन्ट्सवर जाऊन 'एक टाईप' या अक्षरं बनवणाऱ्या संस्थेचा 'मोदक' हा फॉन्ट उघडा, फुकट आहे, आणि बघा त्यांनी पोट मिटवण्याचा खेळ कुठपर्यंत नेलाय. तीस पाट्या बघून झाल्यावर तो फॉन्ट वेगळाच दिसतो, आधी उघडलात तर नुसता जाडा दिसेल.

पायरी ५: उजेड, हा फोटोवाल्यांसाठी, पण डिझायनरनेही करा

नवीन मुलं आधी लेन्स विचारतात. मी सांगते आधी तुमच्या घरातली एक खिडकी ओळखा. खिडकीजवळ स्टुलावर एक वस्तू ठेवा, तांब्या, नारळ, काहीही, हलवायची नाही. सकाळी ७ ला एक फोटो, मग ९, ११, १, ३, ५, आणि दिवा लावायच्या वेळेला एक. सात फोटो, जागा तीच, कोन तोच. मोबाइलवर वस्तूवर बोट दाबून धरा म्हणजे फोकस आणि एक्स्पोजर (फोटोत किती उजेड घ्यायचा ते) लॉक होतं, मग उजेड किंचित कमी करा, नाहीतर मोबाइल सावल्या उजळून टाकतो आणि सगळे फोटो एकसारखे सपाट येतात. सात फोटो ओळीने लावा आणि प्रत्येकाखाली तोच प्रश्न: वस्तू कधी गोल वाटतेय, कधी सपाट, कधी उदास, का?

हाच सराव मेमध्ये, पावसाळ्यात आणि डिसेंबरात पुन्हा करा. मेच्या मध्याला पुण्या-मुंबईत एक दिवस असा येतो की दुपारी साडेबाराच्या आसपास सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि उभ्या खांबाची सावली दिसेनाशी होते, त्या उन्हात माणसाचा चेहरा काढून बघा, डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. डिसेंबरात ऊन दिवसभर तिरकं असतं, भिंतीचा पोत उठून दिसतो. आणि पावसाळी ढगाळ दिवस, ज्याला सगळे "लाइट नाहीये आज" म्हणतात, तो रंगांसाठी उत्तम, ओली पानं आणि साड्यांचे रंग तेव्हा जसे येतात तसे उन्हात येत नाहीत.

विषय कुठून आणायचा हा प्रश्न असेल तर लांब जाऊ नका, आणि एकाच जागी परत परत जा. छायाचित्रकार सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचं आयुष्य टिपलं ते असं एका फेरीत झालेलं नाही, माणसांबरोबर राहून झालंय. तुमच्या कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला, पिठाची गिरणी, एसटी स्टँडवरचं रसवंतीगृह, दर शनिवारी एक तास असं तीन महिने जा. पहिल्या तीन-चार वेळा सगळे पोझ देतात. पुढे ते विसरतात की तुम्ही तिथे आहात, आणि खरे फोटो तिथून सुरू होतात.

पायरी ६: आता ऑनलाइन

ऑनलाइन बघू नका असं मी म्हणतच नाहीये, फक्त जिथे सगळे जातात तिथे शेवटी जा. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने २०१७ मध्ये पावणेचार लाख चित्रं कुणालाही कशालाही वापरायला मोकळी केली, अमेरिकेतल्याच स्मिथसोनियन या संग्रहालयांच्या संस्थेने २०२० मध्ये २८ लाख. तिथे "इंडिया" असं टाकू नका, वस्तूचं नाव टाका, सुपारीचा डबा, शाल, खेळण्याचे पत्ते. आणि इथेही वही उघडीच ठेवा.

पायरी ७: ब्रीफ आलं, आता वाळवण काढायचं कसं

एक खरं काम सांगते. सासवडकडच्या एका बचत गटाला भाजणीच्या पाकिटाचं लेबल हवं होतं, बजेट अगदी थोडं, दोनच रंगांत छपाई. मी कॉम्प्युटर उघडला नाही. आधी कागदावर लिहिलं: खरपूस, भाजलेलं, घरचं, हाताने केलेलं, ताजं. मग वही चाळली आणि या शब्दांना लागणारी पानं बाजूला काढली. तीन निघाली. मठारकामाचं ते पान, ठोके कमीजास्त. एका खणाच्या चोळीच्या कापडाचा फोटो, खाली लिहिलं होतं "काठ जाड, आत बारीक बुट्टी, त्यामुळे लांबून एक रंग वाटतो, जवळून नक्षी". आणि रविवार पेठेतल्या एका जुन्या किराणा दुकानाची पाटी, "अक्षर बसकं आणि रुंद, भरवशाचं वाटतं".

मग थंबनेल काढले, काड्यापेटीएवढे चौकोन, पानावर वीस. पहिले सात-आठ कुणालाही सुचतील असेच येतात, ते येऊ द्यावेत, काढून टाकल्याशिवाय पुढचं येत नाही. चौदाव्यात काहीतरी लागलं: लेबलची जमीन म्हणजे भाजलेल्या दाण्यांच्या ठिपक्यांची, हाताने काढलेली, अंतर कमीजास्त, लांबून नुसता तपकिरी रंग. खाली खणासारखा जाड काठ, आणि मध्ये रुंद बसकं "भाजणी". मठारकाम कुठे आहे ते बघणाऱ्याला कळणार नाही, कळायला नकोच. बचत गटाच्या ताईंनी बघितलं आणि म्हणाल्या रंग जळक्या भाजणीचा झालाय, थोडा अलीकडे आणा. त्या बरोबर होत्या, मी रंग मॉनिटरवर बघून ठरवला होता, त्यांनी कढईत बघून.

म्हणजे क्रम असा: आधी ब्रीफचे शब्द, मग वही, मग थंबनेल, आणि सगळ्यात शेवटी स्क्रीन. आणि तीन पानं तीन वेगळ्या जगांतली घ्या. तीनही पाकिटंच घेतलीत तर चौथं पाकीटच तयार होतं.

एवढं करूनही अडलं तर एक गोष्ट काढून घ्या. एकच रंग वापरायचा, किंवा चित्र नाही फक्त अक्षर, किंवा फोटोत माणूस न दाखवता माणसाची गोष्ट सांगायची. मला बहुतेक वेळा एवढ्याने पुढचा रस्ता मिळतो.

पायरी ८: घेताना विचारून घ्या

आपल्याकडे कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे, त्यानुसार कलाकृतीचा हक्क कलाकाराच्या हयातीत आणि पुढे ६० वर्षं राहतो, २०१२ च्या दुरुस्तीनंतर फोटोलाही हेच लागू झालं. म्हणजे इंटरनेटवर सापडलं आणि खाली नाव नव्हतं, हे कारण चालत नाही. दुसऱ्याचं काम अभ्यासासाठी हुबेहूब काढून बघा, जरूर काढा, हात त्यानेच तयार होतो, पण ते पोर्टफोलिओत आपलं म्हणून लावू नका.

लोककलेच्या बाबतीत माझं मत जरा कडक आहे. वारली आकृत्या आजकाल चिप्सपासून बँकेच्या कॅलेंडरपर्यंत सगळीकडे चिकटवलेल्या दिसतात. लग्नाचा चौक, म्हणजे लग्नात भिंतीवर काढतात ते चित्र, ही वारली समाजाची पूजेची गोष्ट आहे, त्यात पालघाट देवी असते, गोल आणि त्रिकोण जोडले की वारली झाली असं नाही. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, पालघर-डहाणूकडे आजही किती तरी हात हे काम करतायत. तसंच चित्र हवं असेल तर त्यांच्याकडून काढून घ्या, पैसे द्या, नाव छापा. शिकायचं असेल तर त्यातली मांडणी शिका, नाचणाऱ्यांचा फेर मोकळी जागा कशी धरून ठेवतो ते बघा.

आणि माणसांचे फोटो काढताना आधी दोन शब्द बोला. लपून काढलेला फोटो चेहऱ्यावर दिसतो. लहान मुलांचे तर आईवडिलांना विचारल्याशिवाय नाहीच. फोटो चांगला आला तर चार बाय सहाची प्रिंट काढून नेऊन द्या, फार खर्च येत नाही. तांबट आळीतल्या त्या काकांना मी अशी प्रिंट दिली होती, तेव्हापासून मी कॅमेरा घेऊन दारात उभी राहिले की ते काही न बोलता हातातलं भांडं थोडं वळवून उजेडाकडे धरतात.